घसारा

एकतीस मार्च, संध्याकाळचे साडेसहा.
जुन्या पादरा रोडवरच्या काचेच्या शोरूममध्ये
मी मुद्दामच उशिरा शिरलो.
टार्गेटला एक गाडी कमी पडलेला माणूस
चहा आधी मागवतो, नाव मागून विचारतो,
एवढं मला ठाऊक आहे.

गाडी माझी नाही. मुलीची,
म्हणजे तिच्या कंपनीची,
म्हणजे खरं तर लीजवाल्यांची:
छत्तीस महिने फिरवायची आणि परत नेऊन लावायची.
मैथिली म्हणाली, बाबा, तुम्ही बोला,
मला घासाघीस जमत नाही.

मी एकतीस वर्षं विम्याचा सर्वेअर.
हालोल रस्त्याच्या कडेला पालथ्या पडलेल्या गाड्यांभोवती
टॉर्च घेऊन फिरलेला.
रबर, प्लास्टिक: पन्नास टक्के वजा.
काच: वजावट नाही.
पत्रा: वय बघून.
मालक रडत असला तरी आकडा खालीच आणायचा,
ते कामच होतं,
आणि खोटं कशाला बोलू, त्यात एक गोडी होती.

धैवत नावाचा मुलगा, टायची गाठ सैल,
कागद माझ्याकडे फिरवतो. महिना एक लाख एकवीस.
मी आकडा सोडून तळटीप वाचतो.
'वर्षाला पंधराच हजार किलोमीटर?
हालोल जाऊन-येऊन ऐंशी, कामाचे दिवस अडीचशे,
झाले इथेच वीस हजार.
रविवारी सेवउसळ खायला काय रिक्षाने जायचं?'
तो हसतो. 'करी आपीश, काका.'
वीस हजार लिहितो.
केवढा ओरखडा म्हणजे वापर आणि केवढा म्हणजे नुकसान
तेही लिहून घेतो मी त्याच्याकडून:
एटीएम कार्डाहून लांब नको.

'पण काका, एवढी पळाल्यावर
तीन वर्षांनी हिच्यात उरणार काय?
पन्नास टक्के. वरचे त्याहून जास्त धरत नाहीत.'

इथे मी अडकलो.
भाडं उतरायचं तर उरलेली किंमत चढायला हवी.
ज्या तोंडाने जन्मभर
'हिच्यात आता काय राहिलंय' म्हटलं
त्याच तोंडाने म्हणायचं,
राहतं. बरंच राहतं.

शब्द येईनात. चहावर साय धरली.
मैथिलीने मोबाइलमधून मान वर काढली.

मग डभोईचा रणछोडभाई आठवला, टेंपोवाला.
चेपलेल्या बॉनेटवर तळहात ठेवून म्हणाला होता,
साहेब, मी हिला रोज पुसतो.
एकोणीस साली. का वीस?
माझ्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता.
मी पत्र्याचं वय लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेलो.

'ही मुलगी,' मी म्हणालो, 'माझी मुलगी,
गाडी रोज पुसते.'
(ती पुसत नाही. तिच्या स्कूटरवर दोन दिवाळ्यांची धूळ होती.)
'सर्व्हिस तारखेला करते. खड्डा बघून ब्रेक दाबते.
छप्पन्न धरा.'

धैवत बघत राहिला.
'काका, याला रकाना नाही.'
'माहीत आहे,' मी म्हणालो.

तो उठला, आतल्या केबिनमध्ये गेला.
काचेआड दोन माणसांचे हात हलत होते,
घड्याळात सव्वासात,
भिंतीवरच्या फळ्यावर महिन्याचा आकडा, एकाने अपुरा.
परत आला तेव्हा गाठ पुन्हा घट्ट.
छप्पन्न. महिना एक लाख बारा.
माझ्यामुळे की मार्चमुळे, विचारलं नाही.

बाहेर आमची गाडी,
अकराव्या वर्षात, आरशाला सेलोटेप.
कोष्टकाप्रमाणे पत्रा अर्धा, रबर अर्धं.
डिकीतून फडकं काढून
मी समोरची काच पुसली, मग बॉनेटही.
'हे काय आता?' मैथिली म्हणाली.
किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीत लागली.
'काही नाही. बस.
सेवउसळ तुझ्याकडून.'